आक्काच्या शेणी

२०२४ च्या एक मेची सकाळ. महाराष्ट्र दिनाची सुट्टी, त्यामुळं घरात सगळ्यांचं उठण्यापासूनच रेंगाळणं चाललेलं. मी भाकरीचं पीठ मळत होते आणि मोबाइल वाजला. माझ्या नणंदेचा मुलगा शिकायला स्कॉटलंडमध्ये एडिंबरा शहरात गेलाय, त्यानं व्हिडिओ पाठवला होता. पिठाच्या हातानंच उघडला. अंधारी टेकडी, हातात पेटते पलिते घेतलेली पोरं-पोरी, कुणी अंगभर लाल रंग फासलेला, ढोल बडवणं चाललेलं आणि मोठा जाळ. खाली लिहिलं होतं, 'मामी, इथं पण शिमगा! फक्त बोंब मारत नाहीत.'

सासूबाई शेजारी मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांना दाखवलं. चष्मा सारखा करून त्यांनी बघितलं आणि विचारलं, "लाकडं हायती का शेणी?"

मला हसू आलं. पण तो प्रश्न त्यांनी सहज विचारला नव्हता, हे मला ठाऊक होतं. का, ते पुढं येईलच.

भाच्याला फोन करून विचारलं, हे कसलं रे? तो म्हणाला, "याला बेल्टेन म्हणतात मामी. केल्टिक लोकांचा सण." माझा बी.ए.ला इतिहास होता, पण त्यात शिवाजी महाराज होते आणि फ्रेंच राज्यक्रांती होती, केल्ट लोकांचं नावही नव्हतं. मग जमेल तसं वाचलं. युरोपात फार पूर्वी पसरलेले हे लोक. त्यांच्या भाषा आता आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स अशा कडेकडेच्या मुलखात तेवढ्या उरल्यात. त्यांचं वर्ष गुरांच्या हिशेबानं चालायचं. मे लागला की गुरं डोंगरावरच्या कुरणात न्यायची आणि नोव्हेंबरच्या तोंडावर परत आणायची. जाताना बेल्टेन, परतताना साउइन. मोठ्या शहरांतल्या शाळांमधून हल्ली भोपळे कोरून जे हॅलोविन करतात ना, त्याच्या मुळाशी ही साउइनच असल्याचं मानतात.

गुरं कुरणात न्यायच्या आधी दोन जाळ पेटवायचे आणि गुरं त्या दोन्हींच्या मधून हाकायची, म्हणजे वर्षभर रोगराई येत नाही. सन ९०० च्या सुमाराच्या एका आयरिश शब्दकोशात हे लिहून ठेवलंय. घराघरातली चूल विझवायची आणि त्या सगळ्यांच्या जाळावरून विस्तव आणून पुन्हा पेटवायची, अशीही रीत होती. स्कॉटलंडातल्या कॅलंडर भागातली अठराव्या शतकाच्या शेवटची एक हकिकत तर मला फारच आवडली. पोरं माळावर जमायची, दूध-अंड्यांचं काहीतरी शिजवायची, ओटच्या पिठाची भाकर निखाऱ्यावर भाजायची. भाकरीचे तुकडे करून एका तुकड्याला कोळसा फासायचा, सगळे टोपीत टाकायचे आणि डोळे बांधून एकेकानं उचलायचे. काळा तुकडा ज्याच्या वाट्याला आला, त्यानं जाळावरून तीनदा उडी मारायची.

आजचं एडिंबऱ्याचं बेल्टेन मात्र एवढं जुनं नाही. १९८८ पासून काही हौशी आणि कलाकार मंडळींनी जुन्या गोष्टींच्या आधारानं ते नव्यानं उभं केलंय. ३० एप्रिलच्या रात्री, कॅल्टन टेकडीवर. बघायला तिकीट असतं. होळीला तिकीट! आमच्या गल्लीत वर्गणी मागायला पोरं आली की निम्मी दारं आतून बंद होतात.

हे सगळं वाचून 'बघा, आपलंच सगळं तिकडं गेलंय' असं म्हणणारे आपल्याकडं खूप. मला तसं वाटत नाही. गुरं, थंडी आणि पोरांची दुखणी जिथं होती, तिथं माणसानं विस्तव पेटवलाच असणार. त्याला कुणाकडून शिकायला कशाला लागतंय? मला खटकलं आणि पटलं ते दुसरंच. आयर्लंडात मे महिन्याच्या पहिल्या दिवशी घरातला विस्तव, दूध, लोणी बाहेर कुणाला द्यायचं नाही असा दंडक होता. त्या दिवशी जी बाई विस्तव मागायला येईल ती चेटकीण, ती घरातलं लोणी पळवणार, असा समज. आणि स्कॉटलंडात डोंगरावर उन्हाळाभर गुरांबरोबर राहून दूध काढणाऱ्या, लोणी-चीज करणाऱ्या कोण, तर बहुतेक बायका नि पोरीच. लोणी बाईनं करायचं आणि लोणी चोरल्याचा आळही बाईवरच.

आपल्या होळीतही तसंच आहे की. एक गोष्ट प्रल्हादाच्या आत्याची, होलिकेची. दुसरी ढुंढा राक्षसिणीची. ती गावातल्या लहान पोरांना छळायची, म्हणून लोकांनी जाळ केला, बोंबा मारल्या, शिव्या घातल्या आणि तिला हुसकलं. थंडी सरून उन्हं तापायला लागतात तेव्हा पोरांना गोवर-कांजिण्या यायच्या, त्याचीच भीती या गोष्टीत असावी असं मला वाटतं. पण दोन्हीकडं जळते किंवा पळते ती बाईच. आणि जाळाला लागणाऱ्या शेणी? त्या कोण लावतं?

गोवऱ्यांना आम्ही कोल्हापुरात शेणी म्हणतो. आमचं घर गंगावेशीच्या अंगाला. कोल्हापूर बाहेर कितीही वाढलं तरी आमच्या बाजूला अजून दारात म्हशी दिसतात. कट्ट्यावर म्हैस उभी करून समोर धार काढून दूध देतात, ते प्यायला लांबनं लोक येतात. दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून त्यांना मिरवतात. म्हशीमागचं शेण मात्र कुणी मिरवत नाही. ते पहाटे उठून बाया काढतात, कोंडा-भुस्सा मिसळून कालवतात आणि उन्हात थापतात. वाळल्या की उचलून रचायच्या आणि पावसाळ्याआधी वरून शेणानंच लिंपून हुडवा करायचा, म्हणजे आत पाणी शिरत नाही.

आमच्या गल्लीत हे काम आक्का करायची. वयानं माझ्या आईएवढी, पण सगळी गल्ली तिला एकेरीतच बोलवते. मी २००० साली लग्न होऊन आले तेव्हाच तिचा नवरा जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. दोन म्हशी, दोन पोरं आणि परड्यातला हुडवा. दुधाचे पैसे पेंडीला आणि पोरांच्या शाळेला जायचे. शेणीचे तेवढे तिचे स्वतःचे.

होळीच्या आदल्या रात्री पोरांनी लाकडं-शेणी चोरायच्या, आणि ज्याच्या चोरल्या त्यानं रागवायचं नाही, हा आपल्याकडचा जुना नेम. लहानपणी माहेरी मीच भावाला कुठं काय ठेवलंय ते दाखवलं होतं. चोरीत एक मजा असायची, खोटं कशाला बोलू? पण लग्नानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या होळीला सकाळी मी पाण्याची घागर घेऊन परड्याकडं गेले तर आक्का फुटलेल्या हुडव्याशी बसलेली. एका बाजूनं भगदाड पाडून पोरांनी शंभर-दीडशे शेणी नेल्या होत्या. राहिलेल्यांतल्या निम्म्या पायाखाली चुरडलेल्या. ती काही बोलली नाही. बोटानं चुरा गोळा करत होती. आणि दुपारी तीच पोरं टिमक्या वाजवत तिच्या दारात वर्गणीला उभी! तिनं वर्गणीही दिली.

त्या दिवशी पुरण वाटताना माझ्या डोक्यात तेच होतं. संध्याकाळी होळी पेटली. मधोमध एरंडाची फांदी, भोवतीनं शेणीची उतरंड, पोरांच्या बोंबा. सुवासिनींनी हळद-कुंकू वाहिलं, पुरणपोळीचा नैवेद्य टाकला, नारळ वाहिला. आक्का आपल्या उंबऱ्यातून बघत होती. विधवेनं होळीला नैवेद्य टाकायचा नाही. तिच्या घरची पोळी तिचा धाकटा पोरगा घेऊन आला होता. शेणी तिच्या, जाळ तिच्या शेणींचा, आणि ती उंबऱ्याच्या आत. मी नवी सून. मला तेव्हा बोलायचं धाडस झालं नाही, हे कबूल करते.

पुढं आमचं महिला मंडळ सुरू झालं. भिशी आणि हळदी-कुंकवाच्या पलीकडं काहीतरी करू म्हणून आम्ही पहिली मागणी गल्लीतल्या तरुण मंडळाकडं केली, की शेणी चोरायच्या नाहीत, विकत घ्यायच्या. पोरं हसली. "वहिनी, चोरीबिगर होळी म्हंजे मिठाबिगर रस्सा!" पण दोन वर्षं कटकट केल्यावर तेवढं जमलं.

याच सुमाराला महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची 'होळी लहान करा, पोळी दान करा' ही हाक आमच्यापर्यंत पोचली. डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली काढलेली ही समिती. डॉक्टरांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, ते तुम्हाला माहीतच आहे. या कामातली एक व्यावहारिक गोष्ट सांगते, कारण आमचं पहिलं वर्ष फसलं होतं. आम्ही पोळ्या होळीजवळ पाटी ठेवून गोळा केल्या. राख पडली, कुणी वर आमटी ओतली, गठ्ठा नुसता चिकटून बसला. कुणाला द्यायच्या असल्या पोळ्या? दुसऱ्या वर्षीपासून दुपारीच घरोघर फिरून, तूप न लावलेल्या, निवलेल्या पोळ्या डब्यात घेतल्या आणि दिवस मावळायच्या आत शहराबाहेर ऊसतोडीच्या कोप्यांवर पोचवल्या. होळीच्या वेळी आपल्याकडं कारखाने अजून चालू असतात. बीडकडची माणसं दिवाळीच्या सुमाराला घर सोडून आलेली, आणि बायका तर फडातनं मोळी वाहून दमलेल्या. एकीनं डबा उघडून वास घेतला आणि म्हणाली, "गूळ तुमचा, ऊस आमच्या हातचा." सगळ्याच हसलो. पण ते वाक्य मला घरी येईपर्यंत टोचत राहिलं.

मग आल्या शेणी. कोल्हापुरात महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही. पंचगंगेच्या स्मशानभूमीत लाकूड, शेणी पालिकेकडूनच मिळतात. गरिबाला त्याचा केवढा आधार, ते ज्याच्या घरात मयत होते त्यालाच कळतं. शेणी भरपूर लागतात, म्हणून होळीच्या वेळी शहरातली कितीतरी मंडळं होळी लहान करतात आणि उरलेल्या शेणी स्मशानभूमीला देतात. आमच्या गल्लीनंही द्याव्यात असं मी मंडळाच्या बैठकीत मांडलं. झालं! घरी आल्यावर सासूबाईंनी मला फैलावरच घेतलं.

"होळीच्या नावानं काढलेल्या शेणी मढ्याला? सणासुदीचं तोंडातनं काय काढतीस ग? पोराबाळांचं घर हाय आपलं."

मी नुसती आकडेमोड करत होते, इतक्या शेणी वाचतात, इतका धूर कमी होतो. त्यांना आकडे नको होते. त्यांना भीती वाटत होती. भीतीला आकड्यांनी उत्तर देता येत नाही, हे मला कळायला वेळ लागला.

उत्तर दिलं आक्कानं. दुधाची चरवी घेऊन आली होती, दारातच थांबून सगळं ऐकलं. म्हणाली, "वैनी, माझा दादला गेला तवा पाऊस लागून ऱ्हायला हुता. लाकडं वली. पेटंना. पोरांनी परड्यातल्या शेणी पोत्यानं नेल्या तवा कुठं इस्तू धरला. मीच लावल्याल्या शेणी. देवाला चालत्यात आणि माणसाला चालत न्हाईत व्हय?"

सासूबाई काही बोलल्या नाहीत. चरवीतलं दूध पातेल्यात ओतून घेतलं आणि आत गेल्या. पण त्यानंतर त्यांनी विरोधही केला नाही.

त्या वर्षी अर्ध्या शेणी टेंपोत भरल्या. पोरं म्हणाली, आम्ही देऊन येतो. मी म्हटलं, आम्हीही येणार. आम्ही चौघी टेंपोमागून दोन स्कूटीवर गेलो. बायकांनी स्मशानात जायचं नाही हे इतकं अंगात मुरलेलं, की फाटकाशी माझा पाय थबकला. आत काय होतं? पत्र्याची शेड, राखेचा वास, भिंतीशी रचलेल्या शेणी. तिथल्या कर्मचाऱ्यानं मोजून घेतल्या आणि पावती दिली. आक्का पाचवी आली असती तर बरं झालं असतं, पण तिची धारेची वेळ होती.

२०२० ची होळी ९ मार्चला झाली आणि पंधरा दिवसांत सगळं बंद झालं. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी एडिंबऱ्याच्या टेकडीवरही बेल्टेन पेटलं नाही. आमच्याकडं २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये पेटत राहिली ती पंचगंगेवरची स्मशानभूमी. रात्रंदिवस. कर्मचारी अंगावर ते प्लास्टिकचे पोशाख चढवून त्या उन्हाळ्यात काम करत होते. शेणी द्या म्हणून आवाहनं निघत होती. होळी नसताना लोक टेंपोनं शेणी आणून देत होते.

मेमध्ये माझे सासरे गेले. नऊ दिवस दवाखान्यात होते, दहाव्या दिवशी फोन आला. घरी आणणं नाही, तोंड बघणं नाही. माझे मिस्टर आणि दीर लांबनं उभे राहिले. रात्री दोघं परतले, दारातच अंघोळी केल्या. कुणाला काय बोलावं सुचत नव्हतं. सासूबाई सोफ्याच्या कोपऱ्यात बसलेल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी लेकाला एकच विचारलं, "शेणी हुत्या का रं पुरेशा?"

"होत्या आई. भरपूर होत्या."

त्यांनी मान हलवली. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले.

आता तुम्हाला त्यांचा व्हिडिओ बघतानाचा प्रश्न कळला असेल.

२०२२ च्या मार्चमध्ये होळी आली. मी नैवेद्याचं ताट करून नेहमीसारखं सासूबाईंच्या हातात द्यायला गेले. चाळीस-पंचेचाळीस वर्षं गल्लीत पहिला नैवेद्य त्यांचा. त्यांनी हात मागं घेतला. "तू टाक." आणि जाऊन उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या. समोरच्या उंबऱ्यात आक्का उभी होती. दोघींची नजरानजर झाली असेल का, मला माहीत नाही. मी बघायचं टाळलं.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, मे २०२२ मध्ये, आपल्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा गावात पाळायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. आम्ही मंडळात तो ठराव मोठ्यानं वाचला. टाळ्याही वाजल्या. घरी जाऊन प्रत्येकीनं काय केलं, ते ज्याचं त्याला ठाऊक.

२०२३ च्या होळीला आम्ही ठरवून गल्लीतल्या सगळ्या जणींना बोलवायला गेलो. सगळ्या म्हणजे सगळ्या. एक आजी चिडली, "मला पापात ढकलू नका." तिला हात जोडून पुढं गेलो, जबरदस्ती कशाची करायची? एकीच्या सुनेनंच दार लावून घेतलं. सासूबाई मात्र आल्या, मागं मागं. ताट हातात घेतलं, पाणी फिरवलं, पोळी टाकली. हळद वाहिली. कुंकवाशी बोट नेलं आणि तसंच मागं घेतलं. मी काही म्हटलं नाही.

आक्काला म्हटलं, "ये की, आता तू टाक."

ती म्हणाली, "माझ्या गुडघ्याला वाकाय हुत न्हाई. आणि मी काय कमी टाकलंय व्हय त्यात?" जाळाकडं हात करून हसली. तिची पोळी तिनं माझ्या ताटात ठेवली. पण या खेपेला ती उंबऱ्यात नव्हती. जाळापासून चार हातावर, पोरांच्या घोळक्यात उभी होती आणि एका बारक्याला टिमकी कशी धरायची ते दाखवत होती.

आता आक्काकडं एकच म्हैस आहे. शेणी तिची सून लावते, आणि तीही फार नाही. गल्लीतल्या निम्म्या शेणी आता बाहेरून विकत येतात. पोरं होळीचे फोटो काढून भाच्याला पाठवतात, तो तिकडच्या मित्रांना दाखवतो.

२०२५ च्या धुळवडीची सकाळ. गल्लीत मटणाला जायची घाई. मी अंगण झाडत होते. होळीची राख वरून पांढरी पडली होती, आत अजून लाल. आक्का घमेलं आणि उलथनं घेऊन आली आणि कष्टानं खाली बसून निखारे उकरायला लागली. आम्ही लहान होतो तेव्हा या विस्तवावर पाणी तापवून आई आम्हाला अंघोळ घालायची, उन्हाळा बाधत नाही म्हणून. आता घरोघरी गीझर.

मी म्हटलं, "आक्का, अंघोळीला का?"

"माझ्या कशाला? म्हस व्यालीया पहाटं. रेडी झालीया. तिला कढत पाणी पायजे." तिनं घमेलं माझ्यापुढं सरकवलं. "उचल जरा. घरापतूर घिऊन चल."